अंगठेबहाद्दर

माणसांचे दिवस फिरतात तसे शब्दांचेही फिरतात. 'अंगठेबहाद्दर' हा शब्द घ्या. आमच्या लहानपणी ही शिवी होती. म्हणजे तशी सभ्य शिवी, मास्तरांना भर वर्गात देता येण्याजोगी. पाढा चुकला की मास्तर म्हणायचे, "शीक गाढवा, नाहीतर जन्मभर अंगठे उठवशील!" सावकाराच्या वहीवर, सोसायटीच्या कर्जाच्या कागदावर, रोजगार हमीच्या हजेरीपटावर निळ्या शाईचा अंगठा उठवणे ही अडाणीपणाची खूण, आणि तो अंगठा मग डोक्याच्या केसांना पुसणे ही त्या विधीची सांगता.

खरे म्हणजे अंगठ्याला पहिल्यापासूनच प्रतिष्ठा अशी नाही. देवानेसुद्धा त्याला चार बोटांच्या पंक्तीतून उठवून जरा बाजूला बसवले आहे. तर्जनीने वाट दाखवावी, करंगळीने वर्गाबाहेर जायची परवानगी मागावी. 'अंगठी' हे नाव अंगठ्याचे, पण घालायची अनामिकेत! अंगठ्याच्या वाट्याला स्वतंत्र काम उरले एकच, ते म्हणजे दाखवले जाणे. तेही उसने मागायला आलेल्या माणसाला.

आणि आज? आज संध्याकाळी लाखनीच्या बसस्टँडवर जाऊन उभे राहा. कॉलेजची मुले, बाजाराला आलेल्या बाया, बदलीवरचे मास्तर, डब्यांची पिशवी घेतलेला दूधवाला, सगळ्यांच्या माना खाली आणि सगळ्यांचा अंगठा खालून वर, खालून वर. जपमाळ ओढावी तशी एक लय. आमच्या आजोबांच्या माळेला निदान एकशे आठ मणी होते, मेरुमणी आला की थांबायची सोय होती. या माळेला मेरुमणी नाही. थोडक्यात काय, प्राध्यापकापासून हमालापर्यंत अवघा समाज अंगठेबहाद्दर झाला आहे आणि शिवीची पदवी झाली आहे.

आता या पदवीचे कौतुक करावे की काळजी, हा माझ्यापुढचा प्रश्न. कौतुकापासून सुरुवात करतो. म्हातारपणी काळजी आपोआप सुचते, कौतुकाला प्रयत्न लागतो.

लाखनी म्हणजे भंडारा जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. एका बाजूला भंडारा, दुसऱ्या बाजूला साकोली, मधून नागपूर-रायपूर महामार्ग. रेल्वे नाही. अलीकडे गावावरून उड्डाणपूल गेला, तेव्हापासून नागपूरची गाडी रायपूरला जाताना आमच्या डोक्यावरून निघून जाते आणि आतल्या माणसाला खाली लाखनी नावाचे काही आहे याचा पत्ताही लागत नाही. ज्ञानाचे आमच्याकडे बरीच वर्षे असेच होते. शाळा होत्या, समर्थ महाविद्यालय होते, नाही असे नाही. पण पुस्तकाबाहेरचे काही हवे असले की ते कुठून तरी निघून कुठे तरी जात असायचे, आणि लाखनीकराने मान वर करून नुसता आवाज ऐकायचा.

पुलाखालच्या माणसाला काही जाणून घ्यायचे तर कोणाला तरी विचारावे लागे. वाक्य साधे आहे, पण त्यातली चढण ज्याने विचारले आहे त्यालाच ठाऊक. शिष्यवृत्तीचा फॉर्म कुठे मिळतो, नागपूरच्या होस्टेलला अर्ज कधी करायचा, जातीच्या दाखल्याला काय काय लागते, ही माहिती प्रत्येक गावात तीन-चार माणसांच्या मालकीची असायची. एक रिटायर हेडमास्तर, एक कचेरीतले बाबू आणि एक असे गृहस्थ, ज्यांचा मेहुणा नागपूरला असायचा. त्यांच्या पायरीशी जाऊन उभे राहिले की तुमच्या प्रश्नाआधी त्यांचा प्रश्न यायचा, "कोणाचा रे तू?" त्यामागून दुसरा, "कोणत्या मोहल्ल्यातला?" या दोन प्रश्नांची उत्तरे ऐकून तुमच्या प्रश्नाला उत्तर द्यायचे की नाही, हे ठरायचे. कोणाला ओसरीवर पाट मिळे, कोणाला अंगणातूनच उत्तर मिळे आणि कोणाला "साहेब जेवतात" एवढेच. असे जेवणारे साहेब मी पुष्कळ पाहिले आहेत. दुपारी तीनपासून संध्याकाळी सहापर्यंत जेवूनही ते हडकुळेच असायचे.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले. आधी फुकट, मग स्वस्त. बघता बघता खेड्यातल्या पोराच्या हातात इंटरनेट आले. या यंत्राला शंभर दोष असतील, ते मी पुढे मोजणारच आहे. पण कुठलीही माहिती सांगण्यापूर्वी ते "कोणाचा रे तू?" असे विचारत नाही. आमच्या मागच्या गल्लीतली एक पोरगी मोबाइलसमोर बसून ब्लाउज बेतायला शिकली आणि आता गल्लीतल्या निम्म्या बायांचे ब्लाउज शिवते. "कोणापाशी शिकलीस ग?" असे आमच्या सौ.ने कौतुकाने विचारले, तर ती म्हणाली, "कोनापाशीच नाही जी काकू. मोबाइलवर पाहून पाहून." त्या 'कोनापाशीच नाही'मध्ये केवढी ऐट होती! कोणाच्या दारात उभे राहावे लागले नाही, याची ती ऐट.

आमच्या पिढीची गोष्ट वेगळी. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. मी तो पाहिला तो एका ग्रंथालयात, काचेतून. विश्वकोश कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली ग्रंथपालांच्या कमरेला आणि ग्रंथपाल चहाला. आज तो अख्खा विश्वकोश शासनाच्या संकेतस्थळावर कोणालाही फुकट वाचता येतो. मोल्सवर्थसाहेबांच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ सालची आवृत्ती शिकागो विद्यापीठाने इंटरनेटवर ठेवली आहे. म्हणजे मोल्सवर्थ शिकागोहून लाखनीला अर्ध्या मिनिटात पोचतो, आणि भंडाऱ्याहून एसटी पाऊण तासात पोचली तर आम्ही कंडक्टरचे आभार मानतो.

या सगळ्याकडे पाहताना मला वारंवार एकलव्य आठवतो. दूरशिक्षणाचा पहिला विद्यार्थी तोच. निषादराज हिरण्यधनूचा हा मुलगा द्रोणाचार्यांकडे प्रवेशाला गेला. "कोणाचा रे तू?" हा प्रश्न झाला आणि उत्तर ऐकून दार लागले. मग गड्याने रानात द्रोणांचा मातीचा पुतळा केला आणि त्याच्यासमोर धनुर्विद्या शिकला. आजच्या पडद्यावरचा मास्तर निदान बोलतो तरी, 'चॅनेल लाइक करा' म्हणतो. तो पुतळा तेवढेही म्हणत नव्हता. तरीही विद्या आली, आणि अशी आली की अर्जुनाच्या पोटात गोळा उठला. पुढे द्रोणाचार्य रानात आले आणि त्यांनी फी मागितली. न शिकवल्याबद्दल! असा फीचा प्रकार त्यानंतर काही क्लासवाल्यांनाच साधला आहे. आपण ही गोष्ट मुलांना गुरुभक्तीची म्हणून सांगत आलो. मला ती दाराची गोष्ट वाटते. जे दार उघडले नाही, त्याचेही भाडे एका अंगठ्याने भरावे लागले, अशी.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि महाराष्ट्रातली सगळी मुले एका दिवसात एकलव्य झाली. 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' अशी मोहीम शासनाने काढली. जुलैत सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी 'टिलीमिली' ही मालिका लागली. तिकडे सिंधुदुर्गात एक विद्यार्थिनी मोबाइलला रेंज मिळावी म्हणून डोंगरावर झोपडी बांधून अभ्यासाला बसली. पाहा, झोपडी आली, रान आले, दिसत नसलेला गुरू आला. महाभारताला फक्त रेंजची अडचण नव्हती.

आमच्याकडच्या घरांत वेगळीच अडचण. घरात मोबाइल एक, तो बापाच्या खिशात, आणि बाप धानाच्या बांधीत. म्हणजे शाळा रोज सकाळी बांधीवर जायची आणि संध्याकाळी चिखल लागून घरी परत यायची. तीन भावंडे असतील तर कालव्याच्या पाण्यासारखी पाळी लागायची. आज मोठ्याचे गणित, उद्या मधलीचे विज्ञान, धाकट्याची पाळी यायची तोवर बॅटरी संपलेली. त्या दिवसांत मुलांना ओट्यावर, मंदिराच्या पारावर हातभर अंतराने बसवून शिकवणारे शिक्षकही होते. त्यांची चित्रफीत कोणी काढली नाही, त्यामुळे ते 'व्हायरल' झाले नाहीत. त्या वर्षी हा शब्द तसाही अशुभच होता.

करमणुकीचेही तेच. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत मंडईचे दिवस येतात. आज या गावची मंडई, उद्या त्या गावची. लेकी माहेरी येतात, पाहुण्यांनी घर भरते, आणि रात्री दंडार, खडी गंमत, नाहीतर वडशाच्या कंपनीचे नाटक. नाटक रात्री सुरू होते आणि नायिकेला न्याय मिळेपर्यंत पूर्वेला तांबडे फुटते. आता ही दंडार मोबाइलवरही सापडते. आमच्या आत्याचे गुडघे गेल्यापासून तिची मंडई सुटली होती. नातवाने तिला खाटेवर दंडार लावून दिली. कित्येक वर्षांनी म्हातारीने ढोलकी ऐकली आणि तिचे डोळे भरून आले. यंत्राचे एवढे एक पुण्य चित्रगुप्ताने ठळक अक्षरात लिहून ठेवावे. पण दोन दिवसांनी आत्या म्हणाली, "दंडार तं दिसते बापा, पन बाजूले बसून शेंगा सोलून देनारी कोनी नाही." या तक्रारीवर अजून कुठल्या कंपनीने उपाय काढलेला नाही. काढला तर त्या शेंगाही एकट्यानेच खाव्या लागतील.

आता ही विद्या आणि ही करमणूक फुकट असे म्हणतात. 'फुकट' म्हटले की मराठी माणूस आधी आनंदतो आणि मग पाकीट चाचपून पाहतो. चाचपायचे पाकीट मात्र इथे नाही. आमच्या शेजारचा दहावीचा मुलगा रात्री आठ वाजता त्रिकोणमिती समजून घ्यायला मोबाइल उघडतो. साडेआठला त्याला साइन आणि कोसाइन कळते. खरोखरच कळते, आमच्या मास्तरांनी महिनाभर छडी मारून आम्हांला कळले नव्हते त्याहून चांगले कळते. आणि अकरा वाजता तो थायलंडमधला हत्ती आंघोळ कशी करतो ते पाहत असतो. मधले अडीच तास कुठे गेले ते त्यालाही सांगता येत नाही. एक चित्रफीत संपली की दुसरी आपोआप सुरू. पूर्वी सिनेमा संपला की 'जन गण मन' व्हायचे, मालक दिवे लावायचा आणि माणसाला घर आठवायचे. इथे दिवे लावणारा मालक नाही. त्याचा धंदाच दिवे न लावण्यावर चालतो. द्रोणाचार्यांनी अंगठा एकदाच मागितला, घेतला, प्रकरण संपले. हे नवे द्रोणाचार्य अंगठा तोडून नेत नाहीत. तो हातालाच ठेवतात आणि रोज संध्याकाळी वापरायला नेतात.

तरीही मी म्हणेन, हे दुखणे पोट भरलेल्यांचे आहे. ज्याला मोबाइल ठेवता येत नाही त्याचे दुखणे सुसह्य. खरे दुखणे ज्याला तो उचलताच येत नाही त्याचे. आणि इथे अंगठ्याचा दुसरा अवतार सुरू होतो.

बोटांच्या ठशांची कथा तुम्हांला ठाऊक असेलच. १८५८ साली बंगालमध्ये जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अंमलदाराने रस्त्याच्या सामानाच्या एका कंत्राटदाराशी करार केला आणि कागदावर त्याच्या सबंध पंजाचा ठसा घेतला. हेतू एवढाच, की उद्या या गड्याने 'ही सही माझी नव्हेच' म्हणायला धजू नये. ठशांचे शास्त्र मागाहून आले. १८९७ साली कलकत्त्यात ठशांची स्वतंत्र कचेरी निघाली. म्हणजे या विद्येचा जन्मच मुळी अविश्वासाच्या पोटी. त्या घराण्याचा थोर वंशज म्हणजे आपले आधार. पहिला आधार क्रमांक दिला गेला तो आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, २९ सप्टेंबर २०१० रोजी. आता रेशनच्या दुकानात अंगठा, खात्यातले पैसे काढायला अंगठा. जुन्या पायरीवर प्रश्न होता, 'कोणाचा रे तू?' या नव्या पायरीवर प्रश्न आहे, 'तू तूच कशावरून?' प्रश्न बदलला ही प्रगती मी मान्य करतो. पण खोटे कशाला बोलू, दुसरा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने अधिक कठीण आहे. शंकराचार्यांना त्यावर भाष्ये लिहावी लागली. आमच्या रेशन दुकानात त्याचे उत्तर अर्ध्या मिनिटात द्यावे लागते, कारण मागे रांग असते.

आणि उत्तर देणारा अंगठा कसा, तर आमच्या भंडारा जिल्ह्याचा. पावसाळ्यात रोवणी लागली की गुडघाभर चिखलात वाकून दिवसभर परे रोवायचे, ते अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत धरून. असे चाळीस-चाळीस पावसाळे. शिवाय हा जिल्हा विड्यांचा. तेंदूचे पान कापून, तंबाखू भरून, दोरा गुंडाळून बायांनी आयुष्यभर विड्या वळल्या, त्याही याच बोटांनी. त्या बोटांवर रेषा राहतील कुठून? म्हातारी अंगठा ठेवते, यंत्र लाल होते. पुसून ठेवते, पुन्हा लाल. ज्यांना आपण जन्मभर अंगठेबहाद्दर म्हणून हिणवले, त्यांतल्याच कित्येकांचा अंगठा आता यंत्राला पटत नाही. आणि ज्याने आयुष्यात विळा हाती धरला नाही त्या माझ्या गुळगुळीत अंगठ्याला मात्र ते पहिल्या खेपेला हिरवा सलाम ठोकते! काम केल्याची खूण अंगावर असणे हा संशयाचा मुद्दा व्हावा, यासारखा विनोद माझ्या लेखणीतून आजवर उतरला नाही.

आमच्या गल्लीत एक निवृत्त पोस्टमन आहेत. वय ७४. १० नोव्हेंबर २०१४ रोजी 'जीवन प्रमाण' ही योजना सुरू झाली, तेव्हापासून पेन्शनवाल्यांना हयातीचा दाखला यंत्रावर देता येतो. योजना चांगलीच आहे. पूर्वी त्यासाठी बँकेत वा कचेरीत जाऊन साहेबासमोर जिवंत उभे राहावे लागे, आणि साहेब रजेवर असला तर तो परत येईपर्यंत जिवंत राहणे भाग असे. एका नोव्हेंबरात मी त्यांच्याबरोबर एका सेवा केंद्रात गेलो. त्यांनी अंगठा ठेवला. केंद्रातला पोरगा म्हणाला, "काका, जुळत नाही."

"जुळत नाही म्हंजे?"

"म्हंजे तुम्ही नाही आहा, असं म्हनते."

"अरे बापा, मी जित्ता उभा आहो न तुझ्यासमोर!"

"ते मले दिसते जी. पन त्याले दिसत नाही."

एवढे मार्मिक वाक्य मी तत्त्वज्ञानाच्या पुस्तकातही वाचलेले नाही. मग साबणाने हात धुणे झाले, रुमालाने पुसणे झाले, डाव्या हाताची बोटे झाली. शेवटी त्या पोराने चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय काढली. ती २०२१ पासून आहे. मोबाइल त्यांच्या तोंडासमोर धरून तो म्हणाला, "काका, आता डोळे मिचकवा." तीन जिल्ह्यांत सायकल हाणून चाळीस वर्षे लोकांची पत्रे पोचवलेल्या, बाईमाणसासमोर मान वर न करणाऱ्या त्या सभ्य गृहस्थांनी सरकारदरबारी हयात राहण्यासाठी भर दुपारी, भर दुकानात डोळे मिचकवले. यंत्र प्रसन्न झाले. त्या वर्षापुरते ते जिवंत ठरले.

आता यात वाईट काय झाले, असे तुम्ही विचाराल. वाईट झाले नाही, कारण तो पोरगा होता. तो चिडला नाही. "उद्या या" म्हणाला नाही. त्याने चार वेगवेगळ्या वाटा करून पाहिल्या आणि चौथ्या वाटेने म्हाताऱ्याला आत नेले. समजा तो तिथे नसता, किंवा असूनही मान खाली घालून त्याचा अंगठा खालून वर चालला असता, तर? यंत्राला कोणाची गाठ घेता येत नाही. पूर्वी साहेब जागेवर नसायचे, आता सर्वर जागेवर नसतो. पण साहेबाला आठवडी बाजारात गाठता येई, चारचौघांत विचारता येई, त्याच्या बायकोला आपल्या बायकोकडून सांगता येई. नाही म्हणताना त्याला कधी तरी लाज वाटण्याची शक्यता असे. सर्वरला बाजार नाही, बायको नाही आणि त्यामुळे लाजही नाही.

कागदावर सगळे ठीक आहे. अंगठा जुळला नाही एवढ्यासाठी कोणाचे रेशन नाकारू नका, असे केंद्राने राज्यांना २४ ऑक्टोबर २०१७ लाच कळवले आहे. इंटरनेट वापरता येणे हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग आहे, असे केरळच्या उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये, एका वसतिगृहातल्या मोबाइलबंदीच्या प्रकरणात, म्हटले आहे. हक्क आहेत. पण रेशनच्या रांगेतल्या म्हातारीला ते पत्रक वाचून दाखवणारा कोणी तरी तिच्या बाजूला उभा लागतो. नाहीतर तिच्या दृष्टीने ते पत्रकही उड्डाणपुलावरून गेले.

आणि ही म्हातारी फार दूर कुठे नाही, आपल्याच घरात आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकऱ्याने आपल्या पिकाची नोंद आपणच मोबाइलवरून करायची, ई-पीक पाहणी म्हणतात ती, सुरू झाली. ज्या आजोबांना तालुक्यात धानाचे वाण विचारायला लोक येत, ते आजोबा आता बांधावर उभे राहून नातवाला विचारतात, "आता काय दाबू बापू?" आणि नातू म्हणतो, "आबाजी, कालच तं सांगितलं न!" हा सूर ओळखीचा वाटतो का? मला वाटतो. "साहेब जेवतात" म्हणणाऱ्या आवाजाचा हा धाकटा भाऊ आहे. विचारण्याची चढण होती तेवढीच आहे, फक्त चढणारा बदलला. कालपर्यंत ज्या पोराला पायरीशी उभे राहावे लागे तो पायरीवर बसला आणि पायरीवरचा म्हातारा खाली उतरला. एकाची लाज गेली याचा आनंद मला आहेच. ती लाज दुसऱ्याच्या गळ्यात जाऊन पडली, हे आपल्या लक्षात तरी आले आहे का?

आपल्याकडे तीन ऋणे सांगितली आहेत, देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण. ऋषींचे ऋण फेडायचे ते शिकून आणि शिकवून. आता मागच्या गल्लीतल्या त्या पोरीचा ऋषी कोण? कुठल्या तरी शहरातली, नाव-गाव ठाऊक नसलेली, पडद्यावर कात्री चालवणारी एक बाई. तिला गुरुदक्षिणा पोचवायची कशी? ती मागतही नाही. एकलव्याला द्यायला गुरू तरी होता. आपल्याला देणेकरीच सापडत नाही, म्हणून देणेच नाही अशी आपली समजूत झाली आहे. 'कोणापाशीच शिकले नाही' या ऐटीतली मला बोचणारी बाजू ती हीच. कोणापाशी मान वाकवावी लागली नाही, हे उत्तम. पण म्हणून कोणाचे काही लागत नाही, हे कुठून आले?

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड घातले. मुलाने पुस्तकावर मोबाइल धरला की धडा बोलू लागे, कविता ऐकू येई. त्यांना ३ डिसेंबर २०२० रोजी दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला आणि त्यांनी त्यातली अर्धी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून टाकली. महाभारतातल्या गुरूने न शिकवता घेतले. या गुरूने शिकवून वर दिले. दहा लाख डॉलर आपल्याजवळ नाहीत, ही आपली सोय आहे. आपल्याला दहा मिनिटे द्यायची आहेत.

फुकट आलेल्या विद्येची गुरुदक्षिणा जिच्याकडून आली तिला पोचवता येत नसेल, तर दारात जो अडला आहे त्याला द्यावी, एवढेच मला कळते. ज्याचा अंगठा चालतो त्याने ज्याचा चालत नाही त्याच्या शेजारी दहा मिनिटे बसावे, आणि तिसऱ्यांदा विचारले तरी पहिल्यांदा विचारल्यासारखे सांगावे. सगळी कळ त्या 'तिसऱ्यांदा'त आहे. पहिल्यांदा कोणीही सांगतो. यंत्राची थोरवीच ही, की त्याला शंभरदा विचारले तरी ते कंटाळत नाही. माणूस कंटाळतो, आणि कंटाळा येत असूनही सांगतो, म्हणून त्याच्या सांगण्याला मोल. त्या केंद्रातल्या पोराचे नाव कुठल्या पुरस्काराच्या यादीत येणार नाही, पण ऋषिऋणाच्या त्याच्या खात्यावर त्या दिवशी काही तरी जमा झाले असणार. अंगठा न लावता.

एक धोका मात्र सांगून ठेवतो. परवा पोस्टमनकाकांनी पुण्याच्या नातवाला मोबाइलवर निरोप टाकला, 'दिवाळीले ये, दाखल्याचं काम हाय.' नातवाचे उत्तर आले, एक पिवळा, उभा अंगठा. काका दोन दिवस जेवले नाहीत. "तोंडावर नाही म्हनला असता तं चाललं असतं," ते मला म्हणाले, "पोरानं आज्याले अंगठा दाखवला!" मी त्यांना समजावले, की काका, हल्ली त्याचा अर्थ 'बरं, येतो' असा होतो. त्यांना ते पटले नाही. बरोबरच आहे. साठ-सत्तर वर्षे ज्या अंगठ्याचा अर्थ 'नाही' होता, त्याचा 'हो' झाला हे निरोपाने कसे पटावे? त्यासाठी नातवाला स्वतः दिवाळीला यावे लागेल.